नॉमिनी भाचा, मग वारस कोण?

प्रश्न : माझी आत्या अविवाहित होती. निवृत्त शिक्षिका असलेल्या तिचे दोन महिन्यांपूर्वी वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले. शेवटची काही वर्षे ती आमच्याकडेच राहत होती. राष्ट्रीयीकृत बँकेत तिचे पेन्शनचे खाते आणि ४ लाखांची मुदत ठेव असून दोन्हींवर नॉमिनी म्हणून माझे नाव आहे. एका सहकारी बँकेत तिची २ लाख ७० हजारांची ठेव आहे. तिला नॉमिनी नाही. थोडे दागिनेही आहेत. आजी-आजोबा हयात नाहीत. माझे वडील आणि धाकटी आत्या आहेत. थोरले काका वारले असून काकू व त्यांच्या दोन विवाहित मुली आहेत. आमच्यात वाद नाही. एवढ्यासाठी वकील करावा लागेल का? आत्याचे एटीएम कार्ड माझ्याजवळ आहे. त्यावरून पैसे काढून खाते रिकामे करावे, असे काही जण सुचवतात. ते योग्य आहे का?

उत्तर : आधी कार्डाविषयी. खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याचे कार्ड वापरण्याचा अधिकार कोणालाही, अगदी नॉमिनीलाही नसतो. शिवाय मृत्यूनंतरच्या काळाचे निवृत्तिवेतन खात्यात जमा झाले असेल, तर ती रक्कम शासनाकडे परत जाते. ती काढून घेतली असल्यास वसुली काढणाऱ्याकडून होते. म्हणून बँकेला आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला मृत्यूची लेखी माहिती तातडीने द्यावी व त्याची पोच घ्यावी. आत्यांचा मोबाइल क्रमांक मात्र सर्व दावे मिटेपर्यंत बंद पडू देऊ नये, कारण पुढचे कितीतरी संदेश त्यावरच येतील.

वकिलाची गरज बहुधा पडणार नाही. मात्र कागदपत्रे गोळा करण्यापूर्वी मृत्युपत्र आहे का, हे कसून पाहावे, कारण ते सापडले तर पुढचे सगळे गणित बदलते. साध्या कागदावर लिहिलेले, दोन साक्षीदारांसमोर केलेले मृत्युपत्र नोंदणीशिवायही वैध असते; त्यामुळे कपाटातल्या जुन्या वह्या आणि पाकिटेसुद्धा उघडून पाहावीत. त्याच वेळी पासबुकातील दोन-तीन वर्षांच्या नोंदी वाचाव्यात. लॉकरचे भाडे, विम्याचा हप्ता किंवा एखाद्या कंपनीचा दीडदोनशे रुपयांचा लाभांश अशी एकच ओळ कधीकधी घरात कोणालाच ठाऊक नसलेल्या मालमत्तेपर्यंत नेते. दहा वर्षांहून अधिक काळ दावा न झालेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर घेता येतो.

मृत्युपत्र नसेल, तर आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल अशी गोष्ट सांगावी लागते : आपण नॉमिनी आहात, पण वारस नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, त्या पैशांची मालकी मात्र नॉमिनीकडे जात नाही. बँक ठेवींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले आहे. आपल्या कुटुंबाला हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू आहे असे गृहीत धरले, तर अपत्य व आई-वडील नसलेल्या अविवाहित स्त्रीची मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते, आणि ते वारस ठरवताना जणू ती मालमत्ता वडिलांचीच होती असे मानले जाते. म्हणून तीन शाखा होतात : आपले वडील, धाकट्या आत्या आणि दिवंगत काकांचे कुटुंब. सहकारी बँकेतील २ लाख ७० हजारांचेच उदाहरण घेतले, तर आपल्या वडिलांना व धाकट्या आत्यांना प्रत्येकी ९० हजार, आणि काकू व त्यांच्या दोघी मुलींना प्रत्येकी ३० हजार मिळतील. मुली विवाहित असल्याने त्यांचा हक्क जात नाही. काकूंचे नाव अशा वाटपात हमखास विसरले जाते, ते विसरू नये. आपले वडील हयात असल्याने आपला स्वतंत्र हिस्सा नाही. आत्यांचा सांभाळ केल्यानेही तो निर्माण होत नाही, मात्र वारसांनी स्वखुशीने आपल्याला काही दिले तर त्याला कायद्याची आडकाठी नाही.

बँकांचे काम तुलनेने सोपे आहे. नॉमिनी असलेल्या खात्यांसाठी दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि आपले ओळखपत्र पुरेसे असते. तेथे उत्तराधिकार प्रमाणपत्र (वारसांबाबत न्यायालयाने दिलेले प्रमाणपत्र) मागितले गेल्यास रिझर्व्ह बँकेच्या सूचनांकडे लेखी लक्ष वेधावे, तोंडी वाद घालत बसू नये. सहकारी बँकेतील ठेवीला नॉमिनी नसला, तरी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतच्या आणि अन्य बँकांत १५ लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी पद्धत आहे. त्यात दाव्याचा अर्ज, नुकसानभरपाईचे बंधपत्र (पुढे दुसरा हक्कदार निघाल्यास बँकेचे नुकसान भरून देण्याची लेखी हमी) आणि दावा न करणाऱ्या वारसांची ना-हरकत पत्रे द्यावी लागतात. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो, म्हणूनच कागद दिल्याची तारखेसह पोच महत्त्वाची आहे.

दागिन्यांना मालकीचा कागद नसतो, आणि ज्या घरात वाद नसतो तिथे तो बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. सर्व वारसांसमोर वजन करून, छायाचित्रासह प्रत्येक दागिन्याची यादी करावी आणि तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ‘ही पाटली आत्याने मलाच देईन म्हटले होते’ असे कोणी म्हटले, तर सर्वांची मान्यता असल्यास त्याच यादीत तशी नोंद करावी. वाटपाआधी अंत्यविधीचा खर्च, रुग्णालयाची थकलेली बिले आणि देणी आत्यांच्याच पैशांतून भागवावीत. आपण पदरचा खर्च केला असेल, तर पावत्या दाखवून तो वजा करून घेण्यात संकोच नसावा. मग उरलेली रक्कम रोखीने न देता प्रत्येकाच्या खात्यात वळती करावी, म्हणजे नॉमिनी म्हणून आपल्या हाती आलेल्या पैशांचा हिशेब आपोआप राहील.

वडिलोपार्जित शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर आत्यांचे नाव लागलेले असल्यास तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करावा. कोणाला तेथील हिस्सा सोडायचा असेल, तर तोंडी संमती चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्रच करावे लागते आणि त्याच्या मसुद्यासाठी जाणकाराला पैसे देणे शहाणपणाचे आहे. एखाद्या वारसाने सही नाकारली, मृत्युपत्राबद्दल शंका निघाली किंवा एखाद्या बँकेतील रक्कम वरील मर्यादेपलीकडे गेली, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये न्यायालयाचे प्रमाणपत्र लागू शकते, आणि तेव्हा वकील करण्यात काटकसर करू नये. निधनाच्या वर्षीचे आत्यांचे उत्पन्न करपात्र असेल किंवा ठेवीवरील व्याजातून कापलेला कर परत मिळण्याजोगा असेल, तर वारसांपैकी एकाने प्रतिनिधी म्हणून प्राप्तिकर विवरणपत्र भरावे; आपल्या प्रकरणात ते काम वडिलांकडे द्यावे.