कोयत्याची जखम सहा तासांनंतर शिवायची की नाही? आणि सुई लावण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप चालू आहे, गळीत हंगामामुळे ऊसतोड कामगारांच्या कोयत्याच्या जखमा रोज येतात. एक सीनियर म्हणतात सहा तास उलटले की टाके घालायचे नाहीत, दुसरे म्हणतात घाला. खरं काय?

सहा तासांचा नियम आता कुणी घड्याळ लावून पाळत नाही. हातापायाची स्वच्छ जखम १२ ते १८ तासांपर्यंत बंद करता येते. चेहरा आणि डोकं यांना रक्तपुरवठा भरपूर, तिथे २४ तासही चालतात. पण दोनच तासांपूर्वीची, कडा चेंदलेली, मातीने भरलेली जखम घाईने शिवलीत तर ती पिकणारच. आपल्याकडची काळी चिकण माती यात जास्त वाईट. तिचे बारीक कण ऊतीला चिकटून बसतात आणि संसर्गाला वाट करून देतात. अशी जखम धुवायची, ओलं गॉज हलकं भरून उघडी ठेवायची आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लालसर, स्वच्छ दिसली तर तेव्हा शिवायची.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. भूल आधी देतात आणि तपासणी नंतर! एकदा बोट बधिर झालं की नस (संवेदना नेणारी, म्हणजे नर्व्ह) तुटली होती का, हे त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. उजव्या हाताने कोयता चालवणाऱ्याचा घाव बहुतेक वेळा ऊस धरलेल्या डाव्या हातावर नाहीतर नडगीवर बसतो, म्हणून बोटांची तपासणी नीट शिकून घ्या. अंगठी, बांगड्या, पायात जोडवी असतील तर आधी काढा. सूज आल्यावर कापाव्या लागतात. मग बोटाचं मधलं पेर धरून फक्त टोक वाकवायला सांगा: हा खोल स्नायुबंध (बोट हलवणारा दोर, टेंडन). बाकीची बोटं सरळ दाबून ठेवा आणि जखमी बोट मधल्या सांध्यात वाकवायला सांगा: हा वरचा. बोट सरळ करायला लावून वरून दाब द्या. दुखतंय पण जोर लागतोय, की जोरच नाही? अर्धवट तुटलेला स्नायुबंध बोट हलवतो आणि आपण फसतो. बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श वेगवेगळा तपासा, नख दाबून रंग परत येतो का पाहा, आणि हे सगळं कागदावर लिहा.

भूल दिल्यावर जखमेत पुन्हा डोकवा, बोट पूर्ण वाकवत आणि सरळ करत. घाव बसला तेव्हा मूठ आवळलेली होती, त्यामुळे हात उघडल्यावर स्नायुबंधावरचा काप जखमेखाली न राहता सरकलेला असतो. रक्तामुळे दिसत नसेल तर हातमोज्याचं बोट कापून त्याचं कडं बोटाच्या मुळाशी बसवा, त्याला आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) लावून ठेवा म्हणजे काढायचं विसरणार नाही. २० मिनिटांच्या आत काढा. रक्ताच्या डबक्यात आंधळेपणाने चिमटा मारू नका, शेजारची नस त्यातच सापडते.

भुलेचं औषध लिग्नोकेन २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. साध्या (अ‍ॅड्रेनलिन नसलेल्या) लिग्नोकेनची मर्यादा किलोला ४.५ मिग्रॅ, म्हणजे ४५ किलोच्या बाईला जास्तीत जास्त १० मिली. लांब जखमेला तेवढंच सलाईन मिसळून १ टक्का करा, दुप्पट पुरतं. बारीक सुई, जखमेच्या आतल्या कडेतून, सावकाश. अखंड कातडीतून टोचलं तर जास्त दुखतं.

धुण्याला मात्र कंजुषी नको. जखमेच्या प्रत्येक सेंटीमीटरला ५० ते १०० मिली, म्हणजे ५ सेंमी जखमेला अर्ध्या लिटरपर्यंत. २० मिलीची सिरिंज, पुढे हिरव्या कॅन्युलाची (सलाईन लावायच्या सुईची) नुसती प्लास्टिक नळी, आणि जोरात धार. सलाईन संपलं तर पिण्याचं स्वच्छ पाणी चालतं. हळद, चुना, तंबाखू, राख जे काही घरून भरून आलंय ते निघेपर्यंत धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेत ओतू नका, ते चांगल्या पेशीही मारतं. उसाचं कूस किंवा लाकडाचा तुकडा एक्स-रेत दिसत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

शिवायला हातापायाला ४-०, बोटांना ५-०, चेहऱ्याला ६-०, डोक्याला ३-० नायलॉन (आकडा मोठा तितका धागा बारीक). सुई कातडीत काटकोनात घाला, दोन्ही बाजूंना खोली सारखी ठेवा, कडा किंचित बाहेर वळलेल्या हव्यात. गाठ आवळून कातडी पांढरी पडली तर टाका सोडून परत घाला. उद्या सूज येईल तेव्हा तोच टाका कातडी कापेल.

स्नायुबंध, नस, धमनी, सांधा यांपैकी काही उघडं असेल तर धुवून, झाकून, खपाची (स्प्लिंट) लावून अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या (घाटी) सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवा. मारामारीत दात लागून मुठीच्या गाठीवर झालेली जखम कितीही लहान असो, शिवायची नाही. कुत्र्याच्या चाव्याचं शास्त्र वेगळं, तो वेगळा प्रश्न विचारा.

एक गोष्ट एमएलसीसाठी, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या केससाठी. काठीच्या माराने डोक्याची कातडी सरळ रेषेत फाटते आणि कोयत्याने कापल्यासारखी दिसते. भिंगातून पाहा: तळाशी ऊतींचे धागे आडवे टिकून असतील, केसांची मुळं चिरडलेली असतील, तर ती धारदार शस्त्राची नाही. हे धुण्याआधी पाहून लिहा.

धनुर्वातासाठी: मातीची जखम आणि शेवटची लस ५ वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी, तर टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) ०.५ मिली. लसीकरण आठवतच नसेल किंवा तीनपेक्षा कमी डोस झाले असतील, तर टीडीसोबत दुसऱ्या जागी २५० युनिट धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं). स्वच्छ जखमेला अँटिबायोटिक लिहायची गरज नाही.

टाके काढायचे चेहऱ्याचे ५ दिवसांत, डोक्याचे ७ ते १० दिवसांत, पायाचे १० ते १४ दिवसांत, सांध्यावरचे १४ व्या दिवशी. पण टोळी तोपर्यंत दुसऱ्या फडावर गेलेली असते. म्हणून केसपेपरवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्या: टाके किती, कुठल्या तारखेला काढायचे, कुठल्याही सरकारी दवाखान्यात काढून मिळतील. सोबतच्या लेकरांना विरघळणारा धागा वापरलात तर तीही धावपळ वाचते.