चौल आणि रेवदंडा : गावे दोन, बंदर एक

प्रश्न : अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता रेवदंड्याच्या तटबंदीतूनच जातो. या किल्ल्याला कोणी चौलचा म्हणतात, तर कोणी रेवदंड्याचा. यांपैकी खरे काय आणि तेथील सातखणी मनोरा कोणाचा?

उत्तर : दोन्ही खरे आहे. चौल हे कुंडलिकेच्या मुखाजवळचे फार जुने बंदर असून टॉलेमीच्या भूगोलात त्याचा उल्लेख येतो, तर दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी येथे येऊन गेला होता. पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, तेव्हा निजामशाहीच्या ताब्यातील मूळ चौल थोडे आत होते. त्यांनी समुद्रालगत आपली वखार आणि पुढे तटबंदीचे शहर उभारले व त्यालाही चौलच म्हटले. हे खालचे चौल म्हणजे आजचे रेवदंडा. पोर्तुगिजांच्या लिखाणात चौलच्या वेढ्याचे वर्णन आले, की ते बहुधा या तटाविषयी असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे बराचसा घोळ मिटतो. मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये घातलेला मोठा वेढाही याच तटाभोवती पडला होता आणि तो अखेर निष्फळ ठरला.

सातखणी मनोऱ्याला लोक बुरूज म्हणतात, परंतु तो लष्करी बुरूज नव्हे. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा तो मनोरा आहे. आवारातील इतर पडक्या भिंतीही बऱ्याच अंशी चर्च आणि मठ यांच्याच आहेत. किल्ला म्हणून पाहायला जाणाऱ्याची येथे थोडी निराशा होते. वसलेले शहर म्हणून पाहिले, तर अवशेषांची संगती लागते.

खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशहाने किल्ला उभारला, कारण तेथून पोर्तुगिजांची जहाजे माऱ्यात येत. तो त्यांनी १५९४ मध्ये जिंकून घेतला. वसई पडल्यानंतर १७४० मध्ये चौल आणि कोर्लई ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज गेले, तरी कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दसंग्रहावर उभी राहिलेली आणि मराठीच्या सहवासात घडलेली एक मिश्र बोली आजही घरोघरी बोलली जाते. तटबंदीइतकाच हाही इतिहासाचा पुरावा आहे, म्हणून रेवदंडा पाहून परत न फिरता पूल ओलांडून कोर्लईलाही अवश्य जावे.