जनुकं दूरची, तरी आजार सारखाच: कँडिडाचं कोडं

प्रश्न असा आहे: कँडिडा अल्बिकन्स आणि कँडिडा ग्लाब्राटा या दोन यीस्ट (बुरशीचाच एक प्रकार) जनुकांच्या हिशेबाने एकमेकींपासून इतक्या दूर आहेत, तर दोघींमुळे होणारा आजार सारखाच कसा? आणि आजार सारखाच असेल, तर लॅबने प्रजाती ओळखण्याचा एवढा आग्रह का धरावा?

अंतर खरोखरच मोठं आहे. ग्लाब्राटा ही अल्बिकन्सपेक्षा पाव फुगवणाऱ्या यीस्टला, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीला, जास्त जवळची आहे. अल्बिकन्स, ट्रॉपिकॅलिस, पॅराप्सिलोसिस आणि ऑरिस या प्रजातींत सीयूजी हा कोडॉन (जनुकातला तीन अक्षरी संकेत) ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी मुख्यतः सेरिन हे दुसरं अमिनो आम्ल म्हणून वाचला जातो. ग्लाब्राटात तो नेहमीसारखा ल्युसिनच असतो. कँडिडा क्रुसेई तर तिसऱ्याच शाखेतली, पिचिया नावाच्या यीस्टच्या जवळची. लैंगिक अवस्था न सापडलेल्या यीस्ट पूर्वी सरसकट कँडिडात टाकल्या जात, त्यातून हा गोंधळ झाला. हल्ली रिपोर्टवर नाकासिओमायसिस ग्लाब्राटस किंवा पिचिया कुद्रियावझेव्ही असं नाव दिसलं, तर त्या अनुक्रमे ग्लाब्राटा आणि क्रुसेईच समजाव्यात.

मग आजार सारखा का दिसतो? कारण त्याचं रूप बरंचसं रुग्णाचं शरीर ठरवतं. पहिली चाळणी तापमानाची: निसर्गातल्या बहुतेक बुरशींना ३७ अंश सेल्सिअसला नीट वाढता येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्यासाठीही आत शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत. लांबलेल्या अँटिबायोटिक्समुळे आतड्यातले जिवाणू घटलेले असणं, मोठ्या शिरेत घातलेला कॅथेटर, पोटाची शस्त्रक्रिया, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी कमी होणं. रक्तात पोचल्यावर प्रतिकारयंत्रणा बुरशीच्या पेशीभित्तिकेतले बीटा-ग्लुकान आणि मॅनन हे साखरेच्या साखळ्यांचे घटक ओळखते, आणि ते या सगळ्यांच्या भित्तिकेत आहेत. म्हणून ताप, रक्तदाब कोसळणं, डोळ्यात किंवा मूत्रपिंडात संसर्ग पसरणं हे चित्र सारखंच दिसतं. रुग्णाकडे पाहून प्रजाती सांगता येत नाही.

पण तिथवर पोचायची हत्यारं मात्र वेगळी आहेत, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चिकटण्यासाठी अल्बिकन्स एएलएस कुळातली प्रथिनं वापरते, तर ग्लाब्राटा ईपीए कुळातली. काम एकच, जनुकं स्वतंत्र. अल्बिकन्स तंतू काढून ऊतीत घुसते आणि कँडिडालायसिन या विषारी पेप्टाइडने पेशींच्या पटलाला भोकं पाडते. ग्लाब्राटा शरीरात खरे तंतू काढतच नाही. तिला गिळणाऱ्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींच्या आत ती तग धरते आणि तिथेच वाढते. पॅराप्सिलोसिसचा भर कॅथेटरवर जाड बायोफिल्म (चिकटून बसलेला थर) करण्यावर असतो, आणि ती बऱ्याचदा हातांवरून पसरते.

औषध बदलतं ते या वेगळेपणामुळेच. क्रुसेईवर फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध मुळातच चालत नाही, कारण औषधाचं लक्ष्य असलेलं तिचं एन्झाइमच त्याला फारशी दाद देत नाही. ग्लाब्राटात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे पीडीआर१ या जनुकात एक अनुकूल बदल झाला की त्याला झाकायला दुसरी प्रत नसते; औषध बाहेर फेकणारे पंप वाढतात आणि उपचार चालू असतानाच प्रतिकार उभा राहतो. पॅराप्सिलोसिसमध्ये एफकेएस१ जनुकातल्या नैसर्गिक फरकामुळे एकायनोकँडिन या बुरशीविरोधी औषधांचं एमआयसी, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण, इतरांपेक्षा वर असतं. रक्ताच्या कल्चरवर नुसतं ‘कँडिडा प्रजाती’ लिहून आलेला रिपोर्ट म्हणूनच अर्धवट समजावा आणि पुढची ओळख मागावी.

साधनं कमी असतील तर जर्म ट्यूब चाचणी (सिरममध्ये यीस्टला नळीसारखा कोंब फुटतो का ते पाहून अल्बिकन्स ओळखणं) अजूनही कामाची आहे, फक्त ती नीट करायला हवी. ०.५ मिलिलिटर सिरममध्ये ताज्या वसाहतीचा अगदी हलका स्पर्श द्यावा, ३७ अंशांवर २ ते ३ तास ठेवावं, मग एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहावा. यीस्ट जास्त घातली तर अल्बिकन्ससुद्धा नळी काढत नाही. ३ तासांपेक्षा जास्त ठेवलं तर ट्रॉपिकॅलिसही लांबट फुटवे काढते आणि फसगत होते. खरी नळी जिथून निघते तिथे आवळलेली नसते. ट्रॉपिकॅलिसच्या फुटव्याला मुळाशी खाच दिसते. प्रत्येक वेळी अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस हे दोन्ही कंट्रोल (तुलनेचे ओळखीचे नमुने) लावावेत. कँडिडा डब्लिनिएन्सिस ही प्रजातीही पॉझिटिव्ह येते, हे धरून चालावं. ऑरिस मात्र या चाचणीने ओळखता येत नाही. काही स्वयंचलित यंत्रं तिला चुकून हीमुलोनी ही दुसरीच प्रजाती म्हणतात, तेव्हा असा रिपोर्ट आला की माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून ओळख) किंवा आयटीएस सिक्वेन्सिंगने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या वाचनाने) खातरजमा करावी.

तंतुमय बुरशींत हा सारखेपणा आणखी फसवा आहे. अ‍ॅस्परजिलस आणि म्यूकरवर्गीय बुरशी यांचे फायलमच (वर्गीकरणातले मोठे गटच) निराळे, तरी दोन्ही रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करतात आणि पुढचा भाग काळा पडतो. बायोप्सीत अ‍ॅस्परजिलसचे तंतू अरुंद, पडदे असलेले आणि साधारण ४५ अंशांत फुटणारे. म्यूकरचे रुंद, रिबिनीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे. फ्युझेरियम अ‍ॅस्परजिलससारखंच दिसतं, पण ते रक्ताच्या कल्चरमध्ये बरेचदा उगवतं, अ‍ॅस्परजिलस क्वचितच. व्होरिकोनाझोल अ‍ॅस्परजिलसचं पहिल्या पसंतीचं औषध असलं तरी म्यूकरवर निरुपयोगी आहे. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन आणि लवकर शस्त्रक्रिया लागते. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान (बुरशीच्या भित्तिकेतले घटक शोधणाऱ्या चाचण्या) दोन्ही निगेटिव्ह आले म्हणून म्यूकर नाही असं ठरवू नये, कारण या चाचण्या म्यूकर पकडतच नाहीत. ऊतीचा तुकडा लॅबमध्ये चटणीसारखा वाटला गेला तर म्यूकरचे नाजूक तंतू फुटून मरतात आणि कल्चर कोरं येतं. तो बारीक चिरूनच लावायचा असतो, म्हणून नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ‘म्यूकरची शंका, वाटू नये’ असं स्पष्ट लिहावं.