वाचकांचे प्रश्न : जावयाच्या बाकावरचा प्रायमर

प्रश्न : मुलगी पेनसिल्व्हेनियात असते. जावई तिथलेच नागरिक. रविवारी तळघरात बसून ते स्वतःच्या पिस्तुलाची काडतुसं स्वतःच भरतात. पिस्तूल ९ मिमीचं आहे, शिवाय .३८ स्पेशलचं जुनं रिव्हॉल्व्हर. दिवाळीनंतर आम्ही दोघं चार महिन्यांसाठी जातोय. त्यांना प्रायमरची (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी पाडणारी छोटी वाटी) मोठी पेटी भेट द्यावी असं मनात आहे. पण फोटोत पाहिलं तर दुकानाच्या फळीवर स्मॉल पिस्तूल, लार्ज पिस्तूल, मॅग्नम, मॅच अशा डब्याच डब्या. मॅग्नम महाग असला तरी चांगला असेल ना? आणि येताना दोन-चार रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची टरफलं) व थोडे प्रायमर मित्रांना दाखवायला आणले तर चालेल का?
— एक वाचक, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : साहेब, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. काहीही आणू नका. प्रायमर विमानाच्या कुठल्याच सामानात चालत नाही. रिकामी पुंगळीसुद्धा नको. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं येतात. मित्रांना दाखवायला फोटो आणा.

आता भेटीचं. तीही तुम्ही विकत घेऊ नका. तुम्ही पाहुण्याच्या व्हिसावर जाणार. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसाला बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही, आणि त्यांच्याही व्याख्येत पुंगळी, प्रायमर, दारू, गोळी हे सगळं दारूगोळाच. जावयांना पाकीट द्या, दुकानात ते जातील.

मी मुलाकडे गेलो तेव्हा हेच झालं. सैन्याच्या ईएमई या दुरुस्ती शाखेत आर्मोरर म्हणून उभी हयात हत्यारं खोलण्यात गेली, आणि तिथे तळघरात स्टुलावर हाताची घडी घालून बसायचं! घरी परत देवळालीला येईपर्यंत बोटं शिवशिवत होती. पण नुसतं बघायला बसल्यामुळेच काही गोष्टी नीट कळल्या. त्या सांगतो.

प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडातली ती छोटी वाटी. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची केप आठवत असेल तर तिचीच ही नात. पितळी वाटीत स्फोटक मिश्रणाचा कण, आणि त्यावर तीन पायांची किंवा दोन पायांची इवलीशी ऐरण. फायरिंग पिन वाटीला ठोसा मारते, मिश्रण ऐरणीवर चिरडतं, ठिणगी भोकातून दारूपर्यंत जाते. ऐरण वाटीतच असली आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असलं की तो बॉक्सर प्रकार. ऐरण पुंगळीतच घडवलेली आणि भोकं दोन, तो बर्डन. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी, पण त्याचा प्रायमर अमेरिकेने उचलला. बर्डन अमेरिकन, आणि त्याचा युरोपात गेला. घरी भरणाऱ्यांना बॉक्सरच सोयीचा, कारण मधल्या भोकातून सुई घालून जुना प्रायमर खाली पाडता येतो.

निवड खरं तर तुमच्या हातात फारशी नसतेच, प्रायमर बसतो त्या पुंगळीच्या खळग्याने ती आधीच केलेली असते. ९ मिमी आणि .३८ स्पेशल या दोन्हींना स्मॉल पिस्तूल, व्यास ०.१७५ इंच. .४५ च्या पिस्तुलाला लार्ज, ०.२१० इंच. (.४५ च्या काही पुंगळ्या लहान खळग्याच्याही निघतात. ढिगातून वेचलेल्या पुंगळ्या भरताना त्या मध्ये आल्या की काम अडतं.) म्हणजे जावयांना एकाच प्रकारची डबी दोन्हीकडे चालेल. रायफलचा लहान प्रायमर त्याच मापाचा असतो, बसतोही, पण त्याची वाटी जाड. पिस्तुलाच्या पिनेला तो फुटेलच असं नाही. २०२०-२१ मध्ये तिकडे प्रायमरचा दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी तोही वापरला, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मॅग्नम म्हणजे भारी प्रतीचा नव्हे. त्याची ज्वाला मोठी, बस्स. लवकर पेट न घेणारी गोल दाण्यांची दारू असते, किंवा .३५७ मॅग्नमसारख्या काडतुसात दारूच जास्त असते, तिथे ती लागते. साध्या ९ मिमीत उगाच घातला तर दाब वाढतो. दारूच्या कंपनीच्या मार्गदर्शिकेत ज्या प्रायमरवर माप दिलं असेल तोच घ्यावा. बदलायचाच झाला तर दारूचं माप खाली आणून पुन्हा हळूहळू वर यायचं. डबीवर मॅच लिहिलेलं म्हणजे जरा जास्त काटेकोर तपासणी केलेला माल. रविवारच्या कागदी निशाणाला मला तरी त्यात पैसे घालावेसे वाटत नाहीत.

खरा फरक वाटीच्या कडकपणात आहे. आपल्या भांडीबाजारात जुना तांबट पातेल्याला टिचकी मारून पत्र्याची जात सांगतो. इथे टिचकी पिन मारते. रिव्हॉल्व्हरमधली, पिनेच्या ठोशाला जोर देणारी स्प्रिंग कुणी हलकी करून घेतली असेल तर मऊ वाटी हवी. घरी भरणाऱ्या मंडळींत फेडरल कंपनीचं नाव त्यासाठीच निघतं. स्प्रिंग मूळची असेल तर बाजारातला कुठलाही चांगला स्मॉल पिस्तूल चालतो.

पण प्रायमरला दोष देण्याआधी एक ऐका. मुलाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहातलं एखादं काडतूस नुसतं 'टक' करायचं. मित्र म्हणाले, डबीच खराब. मी म्हटलं, नळी निशाणाकडे ठेवून तीस सेकंद थांब, मग तेच पुन्हा मार. दुसऱ्या ठोक्याला प्रत्येक वाजलं! घरी आल्यावर त्याला उरलेली काडतुसं काचेच्या टेबलावर उभी करायला लावली. चार डुगडुगली. प्रायमर बुडाच्या किंचित वर राहिले होते. पहिल्या ठोक्याची ताकद प्रायमर आत ढकलण्यातच जायची, दुसऱ्याला ते फुटायचे. प्रायमर बुडाच्या केसभर आत हवा; बोट फिरवलं तर खळगा लागला पाहिजे. लष्करी पुंगळ्यांच्या खळग्याची कड आत दाबलेली असते, ती कापून काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ जात नाही. मुलाने तीच काढली नव्हती.

आणखी एक, हे जावयांना जरूर सांगा. प्रायमर दुकानातून ज्या खाचांच्या पेटीत येतात त्यातच राहू द्यायचे. लोणच्याच्या बरणीत ओतून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. एक पेटला तर सगळे एकदम उडतात, आणि ती बरणी बॉम्बच. डोळ्यांना चष्मा हवा. मिश्रणात शिसं असतं, त्यामुळे बाकावर चहा-चिवडा नको, उठल्यावर साबणाने हात. नातवंडं तळघरात नकोत हे आजीला सांगावं लागणार नाही.

प्रश्न : वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या बाराबोरची कागदी पुंगळीची अठरा काडतुसं सापडली. बंदूक आणि परवाना केव्हाच जमा झालाय. वाजतील का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : वाजतील की नाही हे बघायचंच नाही. इतके पावसाळे पाहिलेला कागद फुगतो, दारू ओल धरते, पण प्रायमर मात्र जिवंत असू शकतो. जुन्या प्रायमरमध्ये पाराही असे, तेव्हा खोलून बघणंही नको. गोदावरीत टाकू नका, होळीत तर मुळीच नाही. परवाना नसताना ती घरात असणं हाच गुन्हा आहे. पिशवीत घालून बसने घेऊन जाऊ नका. आहेत तिथेच ठेवा, आजच पोलीस ठाण्याला कळवा, ते येऊन पंचनामा करून नेतील. जमा केल्याची पोच मागून घ्या आणि आजोबांच्या जुन्या परवान्याच्या कागदांबरोबर ठेवा.