कोरोनाच्या लॉकडाऊनमधला प्रश्न: सहा वर्षांची मुलगी रात्री साडेबारापर्यंत झोपत नाही, काय करावं?

झोपवायच्या वेळेचं सोडा, आधी उठवायची वेळ पक्की करा, सकाळी पोदेर (आमचा गोव्याचा पाववाला) भोंपू वाजवत आला की उठवायचंच, शाळा ऑनलाईन असली तरी. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर सेट होतं, म्हणून पाव-भाजी पण बाल्कांवात (घरासमोरच्या बसायच्या ओट्यावर) बसूनच खाऊ दे. मी बालवाडीत शिकवते, फोन करणाऱ्या पालकांना हेच सांगते. ह्या वयात 24 तासांत 9 ते 12 तास झोप लागते, त्यामुळे दुपारची डुलकी बंद (गोव्यात हे महाकठीण, आजी स्वतः झोपते आणि पोरीलाही कुशीत घेते!) आणि झोपायच्या तासभर आधी मोबाईल काढून घ्या, रडारड होणारच. पण रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा कोरोनाच्या बातम्या ऐकून घाबरून उठत असेल तर टाईमटेबलने भागणार नाही, डॉक्टरांना विचारा.