अमेरिकेत शिकायला येतोय. फोनसाठी स्वस्त मिंट मोबाइल कंपनीचं सिम घ्यावं की थेट टी-मोबाइलचं?

मिंटच घ्या. मिंटचे स्वतःचे टॉवर नाहीत. ते टी-मोबाइलच्याच नेटवर्कवर चालतं आणि २०२४ पासून तर मालकीही टी-मोबाइलकडेच आहे. म्हणजे रेंज जवळपास तीच, बिल मात्र बरंच कमी. शिवाय प्रीपेड असल्यामुळे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी-कर्ज फेडल्याची नोंद, लागत नाही (नव्या विद्यार्थ्याकडे ती असणार कुठून!). मेख एकच: टॉवरवर गर्दी झाली की टी-मोबाइलच्या महागड्या प्लॅनवाल्यांना आधी डेटा मिळतो, त्यामुळे स्टेडियमसारख्या ठिकाणी नेट रखडू शकतं. वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नका, आधी तीन महिन्यांचा प्लॅन घेऊन खोलीत आणि कॅम्पसवर रेंज बघा. तिथे टी-मोबाइलच पोचत नसेल, तर दुसऱ्या मोठ्या नेटवर्कचं स्वस्त सिम घ्या: व्हेरायझनचं व्हिजिबल किंवा एटी अँड टीचं क्रिकेट.