मुंबईत समाजकार्यासाठी झोंबी वॉक काढता येईल का?

झोंबी वॉक म्हणजे चालत्या मढ्यांसारखा मेकअप करून काढलेली फेरी. ती काढता येईल, पण आधी पोलीस परवानगी. मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात. त्यामुळे 'आम्ही नुसतं चालणार आहोत' हे कारण चालत नाही. स्थानिक पोलीस ठाणं आणि ट्रॅफिक पोलीस, दोन्हीकडे मार्ग आणि वेळ लिहून अर्ज द्या. कार्टर रोडसारखा समुद्राकाठचा रुंद फुटपाथ आणि रविवारची सकाळ धरलीत तर बरं. स्टेशनबाहेर मात्र नकोच. रक्ताळलेली माणसं अचानक दिसली की पळापळ व्हायला वेळ लागत नाही. (सकाळच्या विरार लोकलमधून उतरणाऱ्यांना मेकअपही लागणार नाही म्हणा!)

मूळ कल्पना उत्तर अमेरिकेतली. २००६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ असाच वॉक काढून फूड बँकेसाठी (गरजूंना अन्न पुरवणारी संस्था) अन्नपदार्थ गोळा केले होते. तेच करा: प्रवेश फी म्हणून माणशी एक किलो तांदूळ किंवा डाळ. पैसे घ्यायचेच असतील तर थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या यूपीआयवर नको.

आता रक्त. साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग स्वस्तात पडतो, पण ऑक्टोबर हीटमध्ये तो चिकचिकतो आणि माश्या घोंगावतात. ग्लिसरीन घ्या, त्यात लाल रंग आणि चिमूटभर कोको पावडर घाला. कोकोमुळे रंग भडक न दिसता सुकलेल्या रक्तासारखा दिसतो. जखमेसाठी टिश्यू पेपरचे थर चिकटवले की काम भागतं. पांढरं कापड मात्र जुनंच घाला, डाग जाणार नाहीत.